चार तासांची सोबत आणि स्ट्रासबुर्गचं दार

पत्र : ताई, आम्ही मूळचे चिंचवडचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी इटलीत, तोरिनोला आलो. मुलगा साडेसात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, बोलत नाही, चित्रांची कार्डं दाखवून सांगतो. इथल्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. वर्गात त्याच्यासाठी एक आधार-शिक्षिका असते, आणि शिवाय नगरपालिकेकडून एक मदतनीस बाई येते. त्याची कार्डं काय म्हणतात ते ती इतर मुलांना आणि शिक्षकांना समजावते. गेल्या वर्षी ती आठवड्याला बारा तास यायची, यंदा सप्टेंबरपासून चार तास. पालिकेचं पत्र आलं, बजेट नाही म्हणून. ती नसते तेव्हा बऱ्याचदा तो वर्गाबाहेर बाकावर बसलेला असतो, असं शाळेतल्या मावशींनी मला हळूच सांगितलं. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणतो, थेट स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयात अर्ज टाका, फुकट असतो. नवरा म्हणतो, परक्या देशात भांडण नको, मार्चमध्ये परमिटचं नूतनीकरण आहे. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, त्यापेक्षा परत या. आम्ही भारतीय पासपोर्टवर त्या कोर्टात जाऊ शकतो का? आणि परत आलो तर आपल्याकडे तसं कोर्ट आहे का? मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, एकेरीच लिहा. एक आई, तोरिनो

प्रिय तोरिनोच्या आई,

तुझं पत्र वाचताना मी त्या बाकापाशी थांबले. वकिलीची खोड म्हण, पण लगेच प्रश्न सुचले. तो बाकावर किती वेळ बसतो? कोणत्या वारी, कोणत्या तासाला? एकटा असतो की कुणी सोबत असतं? तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही, कारण तुलाही ते ऐकूनच कळलंय. तू मावशींवर विश्वास ठेवलास, मीही ठेवते. न्यायाधीश ठेवणार नाही. बाकाकडे मी परत येते, आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते.

स्ट्रासबुर्गला जाता येईल का? येईल. आत्ता जावं का? नाही.

पासपोर्टची काळजी सोड. युरोपीय मानवाधिकार कराराचं पहिलंच कलम म्हणतं की सदस्य देशाने हे हक्क आपल्या अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येकाला द्यायचे. तिथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. इटलीने हा करार १९५५ मध्ये स्वीकारला. आज असे ४६ देश त्या न्यायालयाला बांधलेले आहेत. अर्ज इंग्रजीत चालतो, इटालियनमध्येही चालतो. फी नाही, सुरुवातीला वकीलही सक्तीचा नाही. नवऱ्याच्या सहकाऱ्याचं ‘फुकट’ इतपत खरं आहे.

त्याने सांगितलं नाही ते असं. ते दार सगळ्यात शेवटी ठोठवायचं असतं. आधी इटलीतल्या न्यायालयांत शेवटपर्यंत दाद मागायची. तिथे हरलीस, तर शेवटच्या निकालापासून चार महिन्यांच्या आत अर्ज करायचा. (इंटरनेटवर जुन्या मजकुरात सहा महिने सापडतील. फेब्रुवारी २०२२ पासून मुदत चारच महिने आहे.) ठरलेल्या नमुन्यातला अर्ज भरून, शाईने सही करून, कागदपत्रांच्या प्रती जोडून टपालाने पाठवायचा. अर्ज अर्धवट भरलेला असेल तर तो विचारातच घेत नाहीत. आणि इतकं सगळं करून दहातले नऊ अर्ज दारातच बाद होतात, बहुतेक एकाच न्यायाधीशाच्या सहीने, आणि त्यावर अपील नाही. आज तू अर्ज टाकलास तर तो याच ढिगात जाईल, कारण तू इटलीत अजून कुठेच दाद मागितलेली नाहीस.

तरीही तुझ्या मुलासाठी स्ट्रासबुर्ग कामाचं आहे. का, ते तुला एका मुलीच्या गोष्टीवरून कळेल.

नापोलीच्या दक्षिणेला एबोली नावाचं गाव आहे. तिथल्या या मुलीचं नाव निकालात फक्त जी. एल. असं येतं. जन्म २००४ चा. ऑटिझम, बोलत नाही. बालवाडीत तिला आठवड्याला २४ तास मदतनीस होती, १९९२ च्या १०४ क्रमांकाच्या कायद्याने. तुझ्या मुलाच्या मदतनिसाचं मूळही त्याच कायद्यात आहे. मुलगी पहिलीत जायची वेळ आली तेव्हा आईवडिलांनी पालिकेकडे लेखी मागणी केली, बालवाडीत होती तशीच मदत पुढे चालू ठेवा म्हणून. उत्तर आलं नाही. पहिली सरली, दुसरी सुरू झाली, मदतनीस नाहीच. आईवडिलांनी खिशातून पैसे घालून खासगी बाई लावली. २०१२ मध्ये ते प्रादेशिक प्रशासकीय न्यायालयात गेले, हरले. वरच्या कोन्सिल्यो दि स्तातोमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेले, २०१५ मध्ये तिथेही हरले. सरकारकडे पैसे कमी होते, इलाज नव्हता, हे म्हणणं दोन्हीकडे चालून गेलं.

मग ते स्ट्रासबुर्गला गेले. १० सप्टेंबर २०२० ला निकाल लागला : इटलीने भेदभाव केला, मुलीचा शिक्षणाचा हक्क डावलला. आर्थिक नुकसानीचे २,५२० युरो आणि मनस्तापाचे १०,००० युरो तिला द्यायला सांगितले.

आता वर्षं मोज. मदत हवी होती तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि निकाल आला तेव्हा सोळाच्या घरात. पहिलीच्या वर्गातली बाई तिला दहावीच्या वयात मिळाली, तीही कागदावर. म्हणून मी तुला त्या रस्त्याने ढकलत नाही. ती दहा वर्षं त्या मुलीने घालवली आहेत, तुझ्या मुलाने पुन्हा घालवायची गरज नाही. निकाल हातात आहे, तो घेऊन तोरिनोतच जा.

त्या निकालात तुझ्या कामाचा मुद्दा एकच आहे, आणि तो नीट धर. पैसे कमी आहेत असं सरकार म्हणूच शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. असं कुठलंच न्यायालय म्हणत नाही. ते म्हणालं ते वेगळं : कात्री लावायची वेळ आली तर ती अपंग आणि इतर अशा सगळ्या मुलांच्या शिक्षणाला सारखी लागली पाहिजे. एबोलीत याचा हिशेब कुणी मांडलाच नव्हता, खालच्या न्यायालयांनीही नाही. बाकीच्या मुलांची शाळा नेहमीसारखी भरत राहिली आणि हिची मदत तेवढी गेली. शिवाय हे घडलं प्राथमिक शाळेत, जिथे मूल अक्षरं शिकतं आणि पहिल्यांदा चार मुलांत बसायला शिकतं. म्हणून न्यायालयाने ते अधिक गंभीर मानलं.

तेव्हा पालिकेला ‘माझ्या मुलाला बारा तास द्या’ एवढंच लिहू नकोस. हेही विचार : यंदा शिक्षणावरच्या इतर खर्चात किती कपात केली? या मदतनिसांवरच्या खर्चात किती केली? माझ्या मुलाचे बाराचे चार तास कुणी, कोणत्या अहवालावरून, कोणत्या तारखेला ठरवले? आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखी सोय इटलीत १९९० च्या २४१ क्रमांकाच्या कायद्यात आहे. जिचा संबंध आहे ती व्यक्ती प्रशासनाची कागदपत्रं मागू शकते, आणि त्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज साध्या ई-मेलने पाठवू नकोस. तिकडे ‘पेक’ नावाची प्रमाणित ई-मेल असते, तिची पोच कायद्याने ग्राह्य धरतात. ती नसेल तर पोचपावतीचं रजिस्टर टपाल. फोनवर झालेलं बोलणं झालंच नाही असं समज.

इटलीच्याच संविधान न्यायालयाचा एक निकालही हाताशी ठेव, २०१६ चा २७५ क्रमांकाचा. आब्रुत्सो प्रदेशाने अपंग विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चातला आपला वाटा ‘बजेट असेल तेवढा’ असा करून टाकला होता. न्यायालयाने ती तरतूद मोडीत काढली. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा : ज्या हक्कांना कात्री लावता येत नाही त्यांच्याप्रमाणे बजेट बसवायचं, बजेटप्रमाणे ते हक्क बसवायचे नाहीत. मला हा निकाल स्ट्रासबुर्गच्या निकालापेक्षाही आवडतो, खरं सांगायचं तर. घरच्या न्यायाधीशाने घरच्या सरकारला सांगितलेलं आहे ते. पालिकेला लिहिशील त्या पत्रात हे दोन्ही निकाल तारखेसकट टाक. पत्र वाचणाऱ्या कारकुनाला त्यांची नावं ठाऊक नसतील, पण पत्र पालिकेच्या वकिलाच्या टेबलावर गेलं की त्याला ती ठाऊक असतात.

आता घाईची गोष्ट. प्रशासकीय निर्णयाला प्रादेशिक प्रशासकीय न्यायालयात आव्हान द्यायची मुदत साठ दिवसांची असते, तो निर्णय कळल्यापासून. या न्यायालयाचं लघुनाव ‘तार’. आपल्याकडची तार २०१३ मध्ये बंद पडली, ही चालू आहे. चार तासांचं पत्र तुझ्या हातात कधी पडलं ते तू लिहिलेलं नाहीस. सप्टेंबरच्या मध्यावर पडलं असेल तर मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर संपते. माहितीच्या अर्जाला तीस दिवस, वकील शोधायला आठवडा, कागद जमवायला आणखी एक; हिशेब तूच कर. दुसराही एक रस्ता आहे. २००६ चा ६७ क्रमांकाचा कायदा खास अपंग व्यक्तींशी होणाऱ्या भेदभावासाठी आहे. त्याखाली दिवाणी न्यायालयात जाता येतं आणि मान्यताप्राप्त संस्थाही तुमच्या वतीने उभ्या राहू शकतात. दोन्हींतला कोणता धरायचा हे मी पुण्यात बसून ठरवणार नाही, ते तिथल्या वकिलाचं काम. पण वकिलाकडे जाण्याआधी तोरिनोत पालकांची संघटना गाठ. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या कुटुंबांची ‘अन्फास’ ही संस्था १९५८ पासून इटलीत काम करते. पालिकेची ही पत्रं त्यांनी तुझ्याआधी शेकड्यांनी वाचलेली असतात.

शाळेकडेही एक कागद आहे. त्याला तुम्ही ‘पेई’ म्हणता, म्हणजे तुझ्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा. तो दरवर्षी साधारण ऑक्टोबरअखेर पक्का होतो, आणि ज्या बैठकीत होतो तिथे आईवडिलांची खुर्ची कायद्याने राखलेली आहे. त्या बैठकीला जा. नवऱ्याला सुट्टी काढायला लाव. मदतनिसाचे किती तास हवेत आणि का, हे त्यात लिहून घे. नुसतं ‘आवश्यकतेनुसार’ असं लिहिलेलं दिसलं तर सही करू नकोस. पेईतला तासांचा आकडा पालिकेवर कितपत बंधनकारक, यावर इटलीच्या न्यायालयांत एकमत नाही. पण आकडाच नसेल तर वाद घालायलाही काही उरत नाही.

आणि तो बाक.

उद्या शंभर पानी वही आण, रेघांची. एका पानावर एक दिवस. तारीख, मदतनीस किती वाजता आली, किती वाजता गेली, आधार-शिक्षिका हजर होती की नव्हती, मुलगा घरी आला तेव्हा कसा होता. कार्डांची पिशवी उघडलेली होती की सकाळी तू बांधून दिलीस तशीच परत आली, हेही लिही. पिशवी तशीच परत आली याचा अर्थ त्या दिवशी तुझा मुलगा दिवसभर कुणाशी बोलला नाही. बाकाबद्दल मुख्याध्यापकांना लेखी विचार : अमुक वारी अमुक वेळी माझा मुलगा वर्गाबाहेर होता का, असेल तर का? मावशींचं नाव मात्र कुठे काढू नकोस, त्यांची नोकरी जाईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नव्हतं. शाळेने त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, ‘याला पुढे बसून काय फरक पडतो’ म्हणून. आई महिन्यातून दोनदा शाळेत जायची, रडून परत यायची. तिच्याकडे एकही कागद नव्हता. चौथीनंतर शाळेने त्याला काढलं तेव्हा, कधीपासून तक्रार करताय, असं कुणीतरी विचारलं आणि तिला एक तारीख सांगता आली नाही.

आता थोडं थंड पाणी. स्ट्रासबुर्गला गेलेली प्रत्येक आई जिंकत नाही. फ्रान्समधल्या एका आईला तिच्या ऑटिझम असलेल्या मुलासाठी नेहमीची शाळा हवी होती, तिथल्या यंत्रणेने त्याला विशेष संस्थेत घातलं. तिचा अर्ज न्यायालयाने दाखलच करून घेतला नाही, कारण मुलाची नीट तपासणी करून निर्णय झाला होता आणि त्याला शिक्षण मिळत होतं. म्हणजे कोणती शाळा, किती तास, कोणती पद्धत हे ते न्यायालय ठरवून देत नाही. या मुलाची गरज कुणी खरोखर तपासली का, एवढं ते बघतं. तुर्कस्तानातला एक विद्यार्थी जिंकला तो याच मुद्द्यावर. अपघातानंतर त्याचे पाय लुळे पडले होते, विद्यापीठाच्या इमारतीत तीन मजले जिने. विद्यापीठ म्हणालं, मदतीला माणूस देतो. म्हणजे उचलून नेणार! २०१८ मध्ये न्यायालयाने विचारलं, रोज असं दुसऱ्याच्या हातांत उचललं जाणं म्हणजे या मुलासाठी काय, याचा विचार तुम्ही केलात का? केलेला नव्हता. आपल्याकडे ‘चार पोरं उचलून नेतील की’ हे किती सहज म्हणतो आपण.

तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव. इटलीच्या राज्यघटनेचं २४ वं कलम ‘सर्वांना’ न्यायालयात जाण्याचा हक्क देतं, इथेही शब्द नागरिक असा नाही. आणि तो १०४ क्रमांकाचा कायदा तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांनाही लागू आहे, हे त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलेलं आहे. मुलाच्या शाळेसाठी दाद मागितली हे परमिट नाकारायचं कारण होऊ शकत नाही. तरी त्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. परक्या देशात कचेरीच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला कायद्याचं कलम फारसा धीर देत नाही. तेव्हा परमिटचे कागद वेळेत, पूर्ण आणि वेगळ्या फायलीत ठेवा, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध लावायला जागा राहणार नाही.

जिनिव्हाचंही एक दार आहे, तुला कुणी सांगितलं नसेल. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आणि त्यासोबतचा वैकल्पिक प्रोटोकॉल, दोन्ही इटलीने २००९ मध्ये मान्य केले. त्यामुळे इटलीतला माणूस वैयक्तिक तक्रार घेऊन जिनिव्हातल्या समितीकडे जाऊ शकतो, अर्थात तिथेही देशातले उपाय संपल्यावर. एकच तक्रार दोन्हीकडे नेता येत नाही, हे लक्षात ठेव. आणि समिती म्हणजे न्यायालय नव्हे, तिचं मत सरकारने मानायचं की नाही हे बरंचसं सरकारच्या लाजेवर असतं.

आता सासूबाईंचा प्रश्न, तो टाळण्यासारखा नाही. भारतात असं न्यायालय आहे का? नाही. युरोपाला स्ट्रासबुर्ग आहे, अमेरिका खंडासाठी कोस्टारिकात सान होसेला न्यायालय आहे, आफ्रिकेसाठी टांझानियात अरुशाला. आशियासाठी कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रांचा तो मूळ करार भारताने १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला, लवकर मान्य करणाऱ्यांत आपण होतो. वैकल्पिक प्रोटोकॉल मात्र आजवर मान्य केलेला नाही. म्हणजे वचन दिलं, पण ते मोडलं तर माझ्या माणसाने तुमच्याकडे तक्रार करायची नाही, असं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पण परत आलात तर हात रिकामे राहणार नाहीत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात ऑटिझम स्पष्ट नोंदवलेला आहे. प्रमाणपत्रावर अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तक्रारीसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यातच बसतात, चिंचवडहून लोकलने जाता येईल. उच्च न्यायालय आहे, थेट सर्वोच्च न्यायालयही आहे. त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांबद्दल निकाल दिला : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. तुझ्या भागातल्या शाळेत तो शिक्षक आला आहे का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी सासूबाईंनाच शाळेत जाऊन विचारायला सांग. खरंच सांग. त्या दोन शाळा फिरून आल्या की व्हिडिओ कॉलवरचं बोलणं बदलेल, कुठल्या बाजूला ते मी सांगत नाही. इटलीने १९७७ च्या कायद्याने वेगळे वर्ग मोडून मुलांना एकत्र बसवायला घेतलं. चार तासांची का असेना, पण नेहमीच्या वर्गातली ती खुर्ची तिथे जवळजवळ पन्नास वर्षं जुनी आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मी स्वतः अनेक अशिलांना सांगितलं आहे. भावकीच्या बांधाचं भांडण असेल तर आजही सांगेन.

पालिकेच्या पत्रावरची तारीख आणि ते हातात पडलं ती तारीख, दोन्ही बघून मला उलट टपाली कळव. पाकीट फेकलं नसशील तर त्यावरचा शिक्काही बघ.

तुझी,
ताई